ह्या पायवाटा सांभाळतं कोण?



उन्हाळा सुरू झाला की न्यू जर्सी-न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांतून एक ठरलेला प्रश्न ऐकू येतो, "ह्या शनिवारी कुठे जायचं?" भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि मॉलमध्ये किती वेळा जाणार? मग कोणी बेअर माउंटनचं नाव काढतं, कोणी हॅरिमन पार्कचं, कोणी व्हर्ननजवळच्या 'स्टेअरवे टू हेवन'चं. गाडी लावायची, झाडांवर रंगवलेले पट्टे बघत चालायचं, वर पोचून फोटो काढायचे, शिरा-पुरीचा डबा उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत घरी.

वाट समोर तयार असते, त्यामुळे ती कोणी केली आणि मागच्या वादळात आडवं झालेलं झाड कोणी हलवलं, हे सहसा मनात येत नाही. आलंच तर, "पार्कवाले करत असतील, टॅक्स कशाला भरतो आपण?" असं म्हणून आपण पुढे चालू लागतो. प्रत्यक्षात ह्या भागातल्या बहुतेक पायवाटांची रोजची देखभाल पगारी माणसं करत नाहीत. शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त इंजिनिअर, नर्स, प्लंबर, कॉलेजची मुलं अशी माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन, फुकट, ते काम करतात. आमच्यापैकी काही कुटुंबं गेली काही वर्षं त्यात आहेत. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात भेटणारी मंडळी त्याबद्दल बरंच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढावं असं ठरलं.

आधी थोडा इतिहास, कारण तो ऐकण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हडसन नदीकाठचे पॅलिसेड्सचे कडे सुरुंग लावून फोडले जात होते आणि ती खडी न्यूयॉर्क शहराच्या बांधकामांना जात होती. न्यू जर्सीतल्या महिला मंडळांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला (हो, महिला मंडळांनीच!) आणि १९०० साली दोन्ही राज्यांचं मिळून पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्क कमिशन स्थापन झालं. पुढे बेअर माउंटनला सिंग सिंगचा तुरुंग हलवायचा सरकारी बेत झाला. तो रद्द करण्याच्या अटीवर मेरी हॅरिमन ह्या बाईंनी १९१० साली दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर दिले. आज जिथे आपण सहलीला भेळ खातो, तिथे कदाचित तुरुंगाची भिंत असती. ते पार्क वाढत वाढत आता सुमारे ४७ हजार एकरांचं झालं आहे आणि त्यात दोनशे मैलांहून जास्त लांबीच्या खुणा केलेल्या वाटा आहेत.

जमीन मिळाली, पण वाटा? पार्कचे प्रमुख मेजर विल्यम वेल्श ह्यांनी ऑक्टोबर १९२० मध्ये मॅनहॅटनमधल्या वेगवेगळ्या हायकिंग क्लबांच्या लोकांना एकत्र बोलावलं. बैठक झाली ॲबरक्रॉम्बी अँड फिच ह्या दुकानात. आज मुलं जिथे जीन्स घेतात ते नाव तेव्हा तंबू, बंदुका आणि शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानाचं होतं. त्या बैठकीतून जी संघटना उभी राहिली तीच आजची न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स. वर्तमानपत्रात भटकंतीचं सदर लिहिणारे रेमंड टोरी त्यात पुढे होते. त्या लोकांनी शनिवार-रविवारी आगगाडीने जाऊन, कुऱ्हाडी-कात्र्या घेऊन, टक्सिडो ते जोन्स पॉइंट ही पहिली लांब वाट काढली. हॅरिमनमधल्या ज्या लेक वेल्शवर आपल्या कित्येक मंडळींनी वाढदिवस साजरे केले आहेत, तो ह्याच मेजर वेल्श ह्यांच्या नावाचा.

त्याच सुमारास, १९२१ साली, बेंटन मकाय ह्यांनी एका वास्तुशास्त्राच्या मासिकात लेख लिहून अपलाचियन पर्वतरांगेच्या माथ्यावरून जाणाऱ्या एका सलग पायवाटेची कल्पना मांडली. कल्पना कागदावर राहिली असती, पण ह्या न्यूयॉर्कच्या मंडळींनी १९२३ मध्ये बेअर माउंटन ते आर्डन हा तिचा पहिला टप्पा प्रत्यक्षात करून दाखवला. १९३७ मध्ये जॉर्जियापासून मेनपर्यंतची पूर्ण वाट जोडली गेली. आज ती सुमारे २,२०० मैलांची आहे, चौदा राज्यांतून जाते, १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला आहे, तरीही तिची देखभाल तीसेक स्वयंसेवी क्लब वाटून घेऊन करतात. आपल्या दोन राज्यांतला भाग ट्रेल कॉन्फरन्सकडे आहे. गंमत म्हणजे एवढ्या डोंगराळ वाटेवरची सर्वांत कमी उंचीची जागा, समुद्रसपाटीपासून १२४ फूट, ही बेअर माउंटनच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांच्या पिंजऱ्याजवळ आहे. मुलांना जरूर दाखवा.

आता कामाची पद्धत. ती समजली की बरीचशी भीती जाते. प्रत्येक वाटेचे तुकडे पाडलेले असतात, साधारण एक-दोन मैलांचे, आणि प्रत्येक तुकडा एका माणसाला, जोडप्याला, कुटुंबाला किंवा गटाला दिलेला असतो. त्याला म्हणतात मेंटेनर. वर्षातून निदान दोन फेऱ्या मारायच्या, जमेल ती दुरुस्ती करायची आणि आपल्या भागाच्या सुपरवायझरला कळवायचं, एवढी अपेक्षा. बॉस वगैरे कोणी नसतो. सुपरवायझर हासुद्धा तुमच्यासारखाच विनापगारी माणूस, फक्त त्याची दाढी थोडी जास्त पांढरी.

फेरीत काय करायचं? मुख्य काम कात्रीचं. वाट चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी हवी, म्हणजे पाठीवर सॅक असलेला उंच माणूस पावसात ओल्या फांद्यांना न घासता जायला हवा. आपल्याला आठ फूट जास्त वाटतं, पण हिवाळ्यात बर्फाच्या थरावर माणूस चालतो आणि बर्फाच्या वजनाने फांद्याही खाली येतात, तेव्हा हिशोब बरोबर बसतो. फांदी अर्धवट तोडून खुंट्या ठेवायच्या नाहीत. खोडाशी जिथे ती थोडी फुगीर असते त्याच्या लगेच बाहेर कापायची, म्हणजे झाडाची जखम भरते. कापलेली फांदी वाटेपासून दूर, कापलेलं टोक पलीकडे करून टाकायची. येणाऱ्याला इथे कोणी काम केलंय हे कळताच कामा नये. गावाकडे ज्यांनी आंब्याची, काजूची छाटणी पाहिली आहे त्यांना हे हात लगेच बसतं.

दुसरं काम पाण्याचं, आणि आमच्या मते तेच खरं महत्त्वाचं. डोंगरातली वाट म्हणजे पावसाला आयता मिळालेला पाट. पाणी तिच्यावरून धावलं की माती जाते, दगड-मुळं उघडी पडतात, लोक कडेकडेने चालू लागतात, वाट आणखी रुंद होते, आणखी माती जाते. हे थांबवायला वाटेत तिरपे दगड किंवा ओंडके रोवलेले असतात. पाणी त्यांना अडून उतारावर बाजूला निघून जातं. त्यांना वॉटरबार म्हणतात. कोकणात आपण पावसाळ्याआधी घराभोवतीचे चर मोकळे करतो ना, अगदी तेच. हा आडवा दगड एका शरद ऋतूतल्या पानगळीने आणि गाळाने भरून जातो आणि मग असून नसल्यासारखा होतो. फावड्याने तो साफ करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणी दिली नाहीत तर पाच वर्षांनी तिथे पगारी तुकडी आणून पायऱ्या बसवाव्या लागतात.

पायऱ्या बसवणं म्हणजे काय, ते बेअर माउंटनवर बघा. तिथली जुनी वाट लाखो पावलांनी पार झिजून गेली होती. ती नव्याने बांधताना एक हजाराहून जास्त ग्रॅनाइटच्या पायऱ्या घालाव्या लागल्या. पहिला भाग २०१० मध्ये खुला झाला आणि सगळं काम संपायला २०१८ उजाडलं. डोंगरातलाच दगड, त्याला रांगेने भोकं पाडून, पाचरी ठोकून फोडायचा, तारेच्या दोरावरून झोके देत जागेवर न्यायचा आणि पहारीने सरकवत बसवायचा. शेकडो पौंडांचा एकेक दगड. पाचर ठोकून दगड फोडणं आपल्या पाथरवटांना काही नवीन नाही. रायगड चढून आलेल्या माणसाने ह्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांचे सांधे बघावेत, त्याला दाद द्यावीशी वाटेल. स्वयंसेवकांना हे शिकवण्यासाठी खास तुकड्या आणि वर्ग असतात. पहार, टिकाव, घमेलं ही हत्यारं हातात आली की काहींना लहानपणीचं श्रमदान आठवतं. तिकडे आज गडांवरची टाकी उपसणारी, बुरुजांवरची झुडपं काढणारी मुलं हेच करत आहेत.

तिसरं काम रंगाचं. अपलाचियन ट्रेलचा पट्टा पांढरा, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. इतर वाटांचे रंग वेगळे. एकावर एक दोन पट्टे असले की वळण. वरचा पट्टा ज्या बाजूला सरकवलेला तिकडे वळायचं. तीन पट्ट्यांचा त्रिकोण म्हणजे वाटेची सुरुवात किंवा शेवट. आपल्यापैकी बरेच जण हे न कळता केवळ पुढच्या माणसाच्या मागे चालत असतात! पट्टा रंगवायच्या आधी साल हलक्या हाताने खरवडायची, कडा सरळ ठेवायच्या, ओघळ येऊ द्यायचे नाहीत. फार पट्टे मारले तर रानाची भिंत होते आणि कमी मारले तर माणूस चुकतो. ज्यांच्या घरी रांगोळी नीट येते त्यांना हे काम द्यावं असा आमचा अनुभव आहे.

मोठं झाड आडवं पडलं असेल तर? त्याची जागा आणि जाडी कळवायची, बस. चेनसॉ फक्त प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवलेल्या माणसानेच चालवायची हा नियम कडक आहे, आणि योग्यच आहे, कारण ताणाखाली असलेलं खोड कापलं की ते कुठल्या बाजूला उसळेल हे शिकल्याशिवाय कळत नाही. काही ठिकाणी अजून दोन माणसांची लांब करवत वापरतात. तिचा नियम एकच: आपल्याकडे ओढायची, समोरच्याकडे ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं. नवरा-बायकोंनी ही करवत एकदा तरी चालवून बघावी, एवढंच सुचवतो.

अलीकडच्या काळात काम वाढलं आहे. सँडी वादळाने (२०१२) झाडं पडली, पाचूच्या रंगाच्या एका परदेशी किड्याने ॲशची झाडं उभ्या उभ्या मारली आणि ती आता एकेक करून कोसळतात. ९ जुलै २०२३ च्या पावसात बेअर माउंटन-हॅरिमन भागातले रस्ते आणि पायवाटा वाहून गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रीनवुड लेकजवळच्या जेनिंग्ज क्रीक वणव्यात पाच हजार एकरांहून जास्त रान जळलं आणि पार्कचा एक अवघा अठरा वर्षांचा कर्मचारी जिवाला मुकला. इकडे पन्नास-पन्नास मैलांची खडान्खडा माहिती असलेली जुनी माणसं गुडघ्यांमुळे कात्री खाली ठेवू लागली आहेत. कोणी न घेतलेला तुकडा दोन-तीन पावसाळ्यांत काट्यांनी भरतो आणि पट्टे पुसट होतात. मग लोक चुकतात, आणि शेवटी वाट बंद केल्याची पाटी लागते.

इथे आपला संबंध येतो. शनिवारी हॅरिमनच्या कुठल्याही पार्किंगमध्ये उभं राहून कान दिलात तर हिंदी, तेलुगू, गुजराती, मराठी सगळं ऐकू येतं. पण कामाच्या दिवशी जमलेल्या वीस जणांत आपल्यासारखा चेहरा कित्येकदा एकही नसतो. ह्या दोन दृश्यांतली तफावत इतरांनाही दिसते, फक्त ते सभ्यपणे बोलत नाहीत. कधी बोलतातही. चाळीस जणांचा गट, मोठ्याने लावलेली गाणी आणि मागे राहिलेल्या प्लॅस्टिकच्या प्लेटा ह्यांबद्दलचे शेरे आम्ही ऐकले आहेत. सगळेच खोटे नव्हते.

क्लबात गेल्यावर काय होतं ते सांगतो. पहिल्या दिवशी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न येतोच. पण दोन तास एकाच दगडाला दोन बाजूंनी पहार लावल्यावर प्रश्न बदलतात: मुलीला कुठलं कॉलेज मिळालं, पाठीचं दुखणं कसं आहे, तो वरचा ओढा फुटलाय का. हळूहळू तुमची ओळख "इंडियन कपल" अशी न राहता "त्या उत्तरेकडच्या तुकड्याचे मेंटेनर" अशी होते. पंचवीस-तीस वर्षं इथे राहून, ऑफिसच्या पार्ट्यांना जाऊन जे झालं नाही ते ह्या मातीच्या कामात होतं. मुलं कॉलेजला गेल्यावर घर रिकामं होतं, निवृत्तीनंतर तर मंगळवारी सकाळी बोलायला कोणी नसतं. ह्या क्लबांत मंगळवारी सकाळी काम करणाऱ्या निवृत्तांच्या तुकड्या आहेत. त्यातल्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांचा चढणीवरचा वेग बघून आमच्यातल्या दोघांनी जिमची वर्गणी पुन्हा भरली.

कामाशिवाय क्लबांच्या नुसत्या सहलीही असतात. अंतर, चढ आणि वेग आधी जाहीर केलेला असतो. पुढे लीडर, सगळ्यांत मागे 'स्वीप', त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हे सांगायला नको. साडेआठ म्हणजे साडेआठ. आठ पस्तीसला पार्किंग रिकामं असतं. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांची सवय असलेल्यांनी कृपया नोंद घ्यावी.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं का? नाही. एच-फोर व्हिसावर असलेल्या आणि नोकरीची परवानगी नसलेल्या आपल्या भगिनींना हे चालतं का? मोबदला न घेता, ना-नफा संस्थेत, जे काम सर्वसाधारणपणे स्वयंसेवकच करतात ते करायला सहसा अडचण नसते. शंका असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्यावं. मुलं? पालकांच्या सहीने येऊ शकतात, आणि हायस्कूलला लागणारे सेवेचे तास इथे खरोखर घाम गाळून मिळतात. तास लिहून द्यायचा कंटाळा करू नका. अनुदान मागताना संस्थांना हे तास आपल्या वाट्याचं योगदान म्हणून दाखवता येतात, म्हणजे तुमच्या शनिवारचे पुढे दगड आणि लाकूड होतं. अपलाचियन ट्रेलसारख्या राष्ट्रीय वाटेवर रीतसर नाव नोंदवून काम करताना इजा झाली तर सरकारी संरक्षण असतं, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्या कागदावर सही करायला विसरू नका.

आणि दोन गोष्टींची काळजी. एक गोचीड. इथल्या हरणांवरच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, मोठी तिळाएवढी. त्यांच्यापासून होणाऱ्या लाइम रोगाला नावच शेजारच्या कनेटिकटमधल्या लाइम गावावरून पडलं आहे. फिकट रंगाची लांब पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, कपड्यांवर परमेथ्रिनची फवारणी आणि घरी गेल्यावर अंघोळ करून काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, केसांची मुळं तपासणं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप काही लावायचं नाही. साधारणपणे ती चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच धोका वाढतो, त्यामुळे त्याच दिवशी तपासण्याला अर्थ आहे. नंतर अंगावर गोल पसरणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

दुसरी पॉइझन आयव्ही. तीन-तीन पानांचे झुपके, झाडावर चढलेला केसाळ वेल. पानं नसताना वेलही तितकाच वाईट. ही आपल्या बिब्ब्याची आणि आंब्याचीही नातेवाईक. बिबा उतला की काय होतं हे ज्यांना आजीमुळे माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठांवर फोड येतात त्यांनी तर विशेष जपावं. लागलीच तर लवकरात लवकर साबण आणि भरपूर गार पाणी, आणि हातमोजे, कात्रीच्या मुठीसुद्धा धुवायच्या.

सुरुवात करायला लगेच तुकडा घ्यायची गरज नाही. ट्रेल कॉन्फरन्सचे नवशिक्यांसाठी वर्ग होतात, एका दिवसाचे, बहुधा वसंत ऋतूत. त्यात निम्मा वेळ प्रत्यक्ष वाटेवर असतो. आधी एका कामाच्या दिवशी नुसते या. हत्यारं आणि हेल्मेट तिथे मिळतात. आपण आणायचे ते मजबूत बूट, कामाचे हातमोजे, दोन लिटर पाणी आणि डबा. डबा थोडा जास्तच आणावा. तिथली मंडळी थंडगार टर्की सँडविच खात बसलेली असतात आणि थालीपीठ-लोणचं उघडलं की वास सगळीकडे जातो. आमच्या तुकडीत आता कामाची तारीख ठरवताना सुपरवायझर आधी थालीपीठ येणार आहे का ते विचारतो.